गाठीची जात आणि वाढीचा टक्का

पुणे-सातारा रस्त्यावरील वरवे बुद्रुकच्या माणसाला मोठ्या दुखण्यासाठी पुणे गाठणे आता पूर्वीइतके दुर्घट राहिलेले नाही. भोरकडून कापूरहोळमार्गे आणि वेल्ह्याकडून नसरापूरमार्गे येणारी मंडळीही याच रस्त्याला लागतात आणि कात्रजचा डोंगर ओलांडून शहरातील रुग्णालये गाठतात. परंतु माणूस ज्या सुलभतेने शहरात पोचतो, त्या सुलभतेने त्याच्या रोगाच्या कागदाचा अर्थ गावात पोचत नाही. पोटातील गाठीचा तुकडा तपासून जो इंग्रजी अहवाल मिळतो, त्यात अलीकडे पुष्कळदा ‘केआय-६७’ असे एक नाव आणि त्यापुढे एक टक्केवारी छापलेली असते. घरातला शिकलेला मुलगा किंवा पुतण्या नेमका तेवढाच आकडा उचलतो, आणि संध्याकाळपर्यंत भावकीत बातमी होते की, आजार साठ टक्के पसरला. वस्तुतः रोग शरीरात किती पसरला हे तो आकडा सांगतच नाही. तपासलेल्या तुकड्यातील शंभर रोगट पेशींपैकी किती पेशी विभाजनाच्या उद्योगात आहेत, एवढेच तो सांगतो. तो कसा काढला जातो, कोठे त्याच्यावर सारा उपचार अवलंबून असतो आणि कोठे त्याला फारसे महत्त्व नसते, याची फोड रुग्णाच्या आप्तांना करता यावी म्हणून हा लेख लिहीत आहे, आणि त्यातील मुख्य गोष्ट आरंभीच सांगून टाकतो: टक्का वाचण्यापूर्वी गाठीची जात वाचावी.

पेशींचे विभाजन ही स्वयमेव काही रोगाची खूण नव्हे, आणि पचनमार्गात तर मुळीच नव्हे. लहान आतड्याच्या अस्तरातील पेशी तीन ते पाच दिवसांत झडून जातात, आणि त्या अस्तरातील सूक्ष्म विवरांच्या तळाशी अहोरात्र चाललेल्या विभाजनातून त्यांच्या जागी नव्या पेशी येतात. अर्थात धडधाकट माणसाच्या पोटातही हा व्यवहार क्षणभरही थांबलेला नसतो. निरोगी आणि रोगी यांतला भेद संख्येपेक्षा शिस्तीचा आहे. मोठ्या आतड्याच्या निरोगी विवरात विभागणाऱ्या पेशी तळाकडच्या तिसऱ्या हिश्श्यातच सापडतात, वर सरकता सरकता त्या विभाजन सोडून आपापल्या कामाला लागतात. कर्करोगाच्या पूर्वावस्थेत मात्र हा निर्बंध सुटतो आणि विभागणाऱ्या पेशी थेट पृष्ठभागापर्यंत दिसू लागतात. म्हणून जाणता विकृतिशास्त्रज्ञ विभाजन किती आहे याच्या जोडीने ते कोठे आहे हेही पाहतो. शिवाय गाठीशेजारच्या निरोगी विवरांचा त्याला साक्षीदारासारखा उपयोग होतो. त्या विवरांच्या तळाशी रंग उमटला नसेल, तर रंगप्रक्रियाच फसली आहे असे समजावे आणि गाठीतील ‘शून्य टक्के’ या निष्कर्षावर विश्वास ठेवू नये.

विभागणारी पेशी ओळखण्याचा सर्वांत जुना मार्ग म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली तिला प्रत्यक्ष दुभंगताना पाहणे. त्या अवस्थेत पेशीकेंद्रकातील गुणसूत्रे गोळा होऊन ठळक दिसतात, आणि अशा आकृती ठरावीक क्षेत्रफळात मोजता येतात. ही रीत आजही जिवंत आहे, परंतु तिला एक मर्यादा आहे. पेशी विभाजनाची तयारी पुष्कळ काळ करीत असते आणि प्रत्यक्ष दुभंगण्याचे काम थोड्या अवधीत उरकते. तेव्हा केवळ दुभंगणाऱ्या पेशी मोजल्या, तर तयारीत असलेल्या पेशी मोजदादीतून निसटतात. ती तयारी टप्प्याटप्प्याने होते हे १९५३ साली लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात हॉवर्ड आणि पेल्क यांनी दाखवून दिले. आणि गंमत अशी की, आज कर्करोगाच्या अहवालात ज्या ज्ञानाचा वापर होतो, त्यापैकी हा आधारभूत भाग शेंगवर्गातील एका वनस्पतीच्या कोवळ्या मुळ्यांना किरणोत्सर्गी स्फुरद पाजून मिळविलेला आहे. पुढे किरणोत्सर्गी थायमिडीन वापरून डीएनए घडविणाऱ्या पेशी मोजण्याची पद्धत आली. ती अचूक होती, परंतु गावोगावच्या प्रयोगशाळांना पेलणारी नव्हती.

ही अडचण १९८३ साली जर्मनीतील कील या नगरात दूर झाली. योहानेस गेर्डेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विभाजनचक्रात असलेल्या पेशींच्या केंद्रकातील एका प्रथिनाला चिकटणारे प्रतिद्रव्य शोधून काढले, आणि तबकडीच्या ज्या ६७ क्रमांकाच्या खळग्यात ते सापडले त्या क्रमांकावरून आणि नगराच्या नावावरून त्याला केआय-६७ हे नाव पडले. पेशी चक्रात असेल तोवर हे प्रथिन असते, ती विश्रांतीत गेली की नाहीसे होते. प्रारंभी हे प्रतिद्रव्य केवळ गोठविलेल्या तुकड्यांवरच चालत असे. १९९२च्या सुमारास मेणातील, म्हणजे पॅराफिनच्या ठोकळ्यातील तुकड्यांवर चालणारे त्याचे भावंड उपलब्ध झाले, आणि मग जेथे ठोकळा कापून रंगविता येतो तेथे ही तपासणी करता येऊ लागली. तपकिरी केंद्रक म्हणजे चक्रातली पेशी आणि निळे म्हणजे विश्रांतीतली, इतका तो हिशेब ढोबळमानाने सोपा आहे.

मोजणारा माणूस मात्र हिशेब तितका सोपा ठेवीत नाही. आपल्या भागातील शेतकऱ्याला पैसेवारीचा अनुभव आहे. आधी नजरअंदाज पैसेवारी निघते, मग सुधारित आणि अखेरीस पीककापणीच्या प्रयोगांवरून अंतिम. आणि पन्नास पैशांच्या अलीकडे की पलीकडे, एवढ्यावर गावाच्या पदरात सवलत पडते की नाही हे ठरते. केआय-६७च्या बाबतीतही नजरअंदाज आणि प्रत्यक्ष मोजणी हे दोन प्रकार आहेतच. स्लाइडवर एक नजर टाकून ‘सुमारे दहा टक्के’ असे लिहिणे सोपे; परंतु सीमारेषेजवळच्या आकड्यांत हा अंदाज एका तज्ज्ञाचा एक आणि दुसऱ्याचा दुसरा असा निघतो. म्हणून सूक्ष्मदर्शकातील दृश्याचे छायाचित्र छापून एकेका केंद्रकावर खूण करीत मोजणे, किंवा संगणकाकडून मोजवून घेऊन माणसाने त्याची रुजुवात करणे, हे मार्ग अधिक विश्वासाचे मानले जातात. एका बाबतीत मात्र ही मोजणी पैसेवारीच्या अगदी उलट आहे. पीककापणीसाठी शेत निवडताना चांगले-वाईट पाहू नये असा दंडक असतो. येथे उलटपक्षी संपूर्ण स्लाइड धुंडाळून सर्वांत दाट रंगलेली जागा मुद्दाम शोधायची आणि तेथेच निदान ५०० पेशी मोजायच्या, असा नियम आहे. रोगाचे भवितव्य त्याचा सर्वांत उग्र भाग ठरवितो, ही त्यामागची दृष्टी. त्या दाट जागेत रोगट पेशींच्या गर्दीत शिरलेल्या लसिकापेशीही तपकिरी रंगतात आणि नवख्या मोजणाऱ्याच्या हिशेबात त्या घुसून टक्का विनाकारण चढतो, हे येथे नमूद करून ठेवतो.

५०० हा आकडा कशासाठी, हे थोडे गणित केल्यावर उमगते. ५०० पेशींत १५ तपकिरी निघाल्या तर टक्का ३ येतो. परंतु तशीच दुसरी जागा मोजली असती तर तो दीडपासून साडेचारपर्यंत कोठेही आला असता, एवढी अनिश्चितता केवळ योगायोगाने पडते. २००० पेशी मोजल्या तर ही अनिश्चितता निम्मी होते. तेव्हा अहवालात किती पेशी मोजल्या ते लिहिले आहे का, हे पाहावे. लिहिले नसेल आणि आकडा ३च्या किंवा २०च्या आसपास असेल, तर डॉक्टरांना त्याविषयी विचारण्यात कोणताही उद्धटपणा नाही.

आता ३ आणि २० हेच आकडे का, याचे उत्तर गाठीच्या जातीत आहे. पचनमार्गात आणि स्वादुपिंडात संप्रेरके स्रवणाऱ्या विखुरलेल्या पेशी असतात, आणि त्यांपासून ज्या गाठी उद्भवतात त्यांना न्यूरोएंडोक्राइन गाठी म्हणतात. आंत्रपुच्छ, लहान आतडे, जठर, गुदाशय आणि स्वादुपिंड ही त्यांची प्रमुख ठिकाणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ सालच्या वर्गीकरणाप्रमाणे, जिच्या पेशींची मूळ घडण शाबूत आहे अशा न्यूरोएंडोक्राइन गाठीचा टक्का ३च्या आत असेल तर ती पहिल्या श्रेणीची, ३ ते २० असेल तर दुसऱ्या आणि २०च्या वर असेल तर तिसऱ्या श्रेणीची. त्याच बरोबरीने दुभंगणाऱ्या पेशींचीही मोजणी करतात: २ चौरस मिलिमीटरमागे दोनहून कमी, दोन ते वीस, आणि वीसहून अधिक. ही मोजणी विश्वासाची व्हावी म्हणून शक्य तेथे १० चौरस मिलिमीटर क्षेत्र पाहून सरासरी काढतात. दोन मोजण्यांतून दोन श्रेणी निघाल्या तर वरची श्रेणी ग्राह्य धरतात. येथे केआय-६७ हा खरोखरच सत्ताधारी आकडा आहे. टक्का १०च्या आत असलेल्या कित्येक रुग्णांना महिन्याला एक सुई घेऊन वर्षानुवर्षे रोग थोपवून धरता येतो.

परंतु याच कुळात एक निराळी, आडदांड जात आहे, जिला न्यूरोएंडोक्राइन कार्सिनोमा म्हणतात. तिचाही टक्का २०च्या वर असतो, पण तिची पेशीघडण बिघडलेली असते. तेव्हा तिसऱ्या श्रेणीची गाठ आणि कार्सिनोमा या दोहोंचा आकडा एकच असूनही उपचार भिन्न ठरतात, आणि हा निवाडा आकड्याने नव्हे तर पेशींच्या रूपाने करावा लागतो. स्कँडिनेव्हियातील देशांनी मिळून केलेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, ५५च्या वर टक्का असलेल्या रुग्णांत प्लॅटिनमयुक्त औषधांनी गाठ अधिक वेळा आक्रसली, ५५च्या आतील रुग्णांत ती कमी वेळा आक्रसली. आणि तरीही या आतील रुग्णांना अधिक आयुष्य लाभले. मोठा आकडा म्हणजे मरण आणि छोटा म्हणजे जीवदान, असे सरधोपट समीकरण मांडणाऱ्यांनी हा दाखला लक्षात ठेवावा.

दुसरी जात म्हणजे जठराच्या किंवा आतड्याच्या भिंतीतून उगवणारी ‘जिस्ट’ नावाची गाठ. तेथे केआय-६७ला श्रेणीकरणात स्थान नाही; तेथे जुन्या रीतीने दुभंगणाऱ्या पेशी मोजतात आणि ती मोजणी ५ चौरस मिलिमीटर क्षेत्रात करतात. पूर्वी अहवालात सूक्ष्मदर्शकाची ‘५० क्षेत्रे’ असा शब्दप्रयोग असे. नव्या रुंद दृष्टीच्या यंत्रांत तेवढ्या क्षेत्रांत दुप्पट जागा मोजली जाते आणि आकडा फुगतो, म्हणून क्षेत्रांऐवजी चौरस मिलिमीटर लिहिलेले असावे. पाच आकृतींपर्यंत एक वर्ग आणि त्यावर दुसरा. परंतु येथे ठिकाणाचे माहात्म्य विलक्षण आहे. मिएटिनेन आणि लासोटा यांनी २००६ साली मांडलेल्या, औषधोपचाराविना पाहिलेल्या रुग्णांच्या आकडेवारीत दोन ते पाच सेंटिमीटरची आणि पाचाहून अधिक आकृती असलेली गाठ जठरात असेल तर सुमारे १६ टक्के रुग्णांत रोग पुढे उलटला, आणि तितक्याच आकाराची, तितक्याच मोजणीची गाठ लहान आतड्यात असेल तर ७३ टक्के रुग्णांत. सुईने काढलेल्या लहानशा तुकड्यात ५ चौरस मिलिमीटर क्षेत्रच भरत नाही. तेव्हा शस्त्रक्रियेपूर्वीच्या अहवालातील मोजणी तात्पुरती समजावी.

तिसरी जात सर्वांत अधिक लोकांच्या वाट्याला येणारी: जठर, मोठे आतडे आणि गुदाशय यांचा नेहमीचा कर्करोग, ज्याला ॲडिनोकार्सिनोमा म्हणतात. येथे टक्का बहुधा मोठाच असतो, ५० किंवा ७०, आणि त्यानेच घरातील माणसे भेदरतात. या रोगात केआय-६७वरून भवितव्य वर्तविण्याचे प्रयत्न पुष्कळ झाले, परंतु निष्कर्ष परस्परविरोधी निघाले. म्हणून उपचाराचा निर्णय त्यावर बेतला जात नाही. कारणही समजण्यासारखे आहे. गाठीचे वाढणे म्हणजे जन्मणाऱ्या पेशींतून मरणाऱ्या आणि झडून जाणाऱ्या पेशी वजा करून उरलेली बाकी. आणि आतड्याच्या कर्करोगात जन्मलेल्या पेशींपैकी बहुतांश पेशी मरतात किंवा झडतात. केआय-६७ केवळ जमेची बाजू सांगतो, खर्चाच्या बाजूबद्दल मौन पाळतो. अशा रुग्णाच्या अहवालात त्याऐवजी दुसऱ्या गोष्टी शोधाव्यात: गाठ भिंतीत किती खोल उतरली आहे, लसिकाग्रंथी किती तपासल्या आणि किती रोगट निघाल्या (मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेत निदान १२ ग्रंथी तपासलेल्या असाव्यात अशी अपेक्षा आहे), कापलेल्या कडा निर्मळ आहेत का, आणि डीएनएतील चुका दुरुस्त करणाऱ्या एमएलएच-१, पीएमएस-२, एमएसएच-२ आणि एमएसएच-६ या चार प्रथिनांची तपासणी झाली आहे का. जठराच्या रोगात हर-२ या प्रथिनाची चौकशी करावी. यांपैकी एखादी गोष्ट राहून गेली असेल तर तिचा तगादा लावावा. केआय-६७ राहून गेला म्हणून जीव टांगणीला लावू नये.

यापुढची गोष्ट प्रयोगशाळेच्या दाराबाहेरची आहे, आणि ती बव्हंशी आप्तांच्याच हाती असते. लहान गावातील रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली, की काढलेला भाग बरणीत घालून ‘पुण्याला तपासायला न्या’ असे सांगून नातेवाइकाच्या हाती देण्याची रीत अजून मोडलेली नाही. तो भाग कोणत्या द्रवात आहे हे तेथल्या तेथे विचारून घ्यावे. पाणी किंवा सलाईन चालत नाही. दहा टक्के बफरयुक्त फॉर्मॅलिनच हवे आणि तेही तुकड्याच्या निदान दहापट. फॉर्मॅलिन ऊतीत तासाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने शिरते, म्हणून आतड्याचा लांब भाग शस्त्रक्रियागृहातच उभा चिरून उघडलेला असावा. न उघडता बरणीत कोंबलेला भाग बाहेरून टणक आणि आतून नासलेला असा निघतो. शरीरातून काढल्यावर तासाभराच्या आत तो फॉर्मॅलिनमध्ये पडावा, कारण उशीर झाला की दुभंगणाऱ्या आकृती नाहीशा होतात, रंगही फिका पडतो, आणि मग उग्र गाठ कागदावर सौम्य दिसू लागते. तुकडा बर्फात गोठवू नये. बरणी रुंद तोंडाची असावी. निमुळत्या तोंडाच्या बाटलीत मऊ तुकडा सहज आत जातो आणि कडक झाल्यावर बाहेर येत नाही, आणि मग प्रयोगशाळेत बाटली फोडण्याची पाळी येते. नाव, वय, तारीख आणि अवयव यांची चिठ्ठी बरणीच्या अंगावर चिकटवावी, झाकणावर नव्हे, झाकणे बदलतात. एस.टी.त जाताना बरणी पिशवीत उभी धरावी आणि मुलांच्या हाती लागू देऊ नये, कारण फॉर्मॅलिनची वाफ डोळ्यांना व घशाला झोंबते.

अहवाल मिळाल्यावर काम संपले असे समजून स्लाइड आणि मेणाचा ठोकळा प्रयोगशाळेतच सोडून येणारे कुटुंब पुढे अडचणीत येते. परळचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले, आणि त्याच्या प्रयोगशाळांची उभारणी करणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी पुढे १९५२ साली स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे पहिले संचालकपदही भूषविले. त्या परंपरेतील रुग्णालयांत बाहेरून आलेल्या रुग्णाच्या स्लाइड आणि ठोकळे पुन्हा तपासल्याखेरीज मोठा उपचार सहसा सुरू करीत नाहीत. म्हणून मुंबईस जायचे असो वा पुण्यातच दुसरे मत घ्यायचे असो, ठोकळा मागून घ्यावा, त्याची पावती ठेवावी आणि परत मिळाल्यावर उष्णतेपासून दूर, कपाटात ठेवावा. ठोकळ्यातील प्रथिने वर्षानुवर्षे टिकतात. कापून ठेवलेल्या न रंगविलेल्या स्लाइडवरील मात्र काही महिन्यांत क्षीण होतात, आणि अशा जुन्या स्लाइडवर केलेला केआय-६७ खऱ्यापेक्षा कमी निघण्याचा संभव असतो. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेखाली उपचार घ्यावयाचे असतील तरीही हे कागद एकत्र असणे सोयीचे पडते.

न्यूरोएंडोक्राइन गाठीच्या रुग्णाने आणखी एक जाणून घ्यावे. आतड्यातील मूळ गाठ आणि यकृतात गेलेली तिची पिलावळ यांचा टक्का सारखा असतोच असे नाही, आणि काळाच्या ओघात तोच रोग एका श्रेणीतून वरच्या श्रेणीत जाऊ शकतो. वर्षानुवर्षे शांत असलेली गाठ एकाएकी वाढू लागली तर यकृतातील तुकडा पुन्हा घेऊन पुन्हा मोजणी करण्याचा सल्ला डॉक्टर देतात, आणि तो अनाठायी नसतो. पेट स्कॅनचे दोन प्रकारही याच प्रश्नाला दुसऱ्या अंगाने भिडतात: गॅलियम लावलेल्या डोटाटेटने मंद गाठी उजळतात, साखरेसारख्या एफडीजीने वेगवान. एकाच रुग्णात काही गाठी पहिल्याने आणि काही दुसऱ्याने उजळत असतील, तर सुई कोणत्या गाठीत घालावी हे त्यावरून ठरविता येते. जी गाठ पहिल्या स्कॅनवर ठळक उजळते, तिच्यावर ल्युटेशियम-१७७ या किरणोत्सर्गी औषधाचा उपचार करता येतो, आणि परळ येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या विकिरण औषध केंद्रात तो उपलब्ध आहे. तेथे जाताना दोन्ही स्कॅनच्या तबकड्या, जुना व नवा असे दोन्ही केआय-६७चे अहवाल आणि दोन्ही वेळचे ठोकळे बरोबर न्यावेत. कोणता तुकडा कोणत्या तारखेला कोणत्या अवयवातून घेतला हे प्रत्येकावर लिहिलेले असावे.